बाबांच्या पायाची नखं, पेत्र, आणि रोजच्या बारीकसारीक गोष्टींत देव दिसणं

सांजवारा

बरेच महिने इथे नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझे बाबा ऐंशीच्या पुढचे. गुडघे वाकत नाहीत, हात थरथरतो, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी त्यांच्या पायाची नखं मी कापतो. ज्यांनी म्हाताऱ्या माणसाची नखं कापलीत त्यांना माहीत असेल, ती शिंगासारखी टणक झालेली असतात, आधी पाय कोमट पाण्यात भिजवावे लागतात, मग मांडीवर टॉवेल टाकून, त्यावर पाय घेऊन, चष्मा लावून एकेक बोट. अर्धा तास सहज जातो. आणि दर वेळी एक गोष्ट ठरलेली, मी पाय हातात घेतला की बाबा तो हळूच मागे ओढतात. "राहू दे रे, मी बघतो नंतर." नंतर काय बघणार, हात पोचतच नाही! मला खरं सांगायचं तर वैताग यायचा, की अहो मी करतोय ना, मग ताठा कशाला.

परवा पण पाय असाच मागे गेला आणि मला एकदम येशूचा शिष्य पेत्र आठवला. बायबलमध्ये योहानाने लिहिलेलं शुभवर्तमान (येशूचं चरित्र), अध्याय १३. येशू शिष्यांचे पाय धुतोय आणि पेत्र म्हणतो तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी दरवर्षी हा उतारा ऐकतो, लहानपणापासून पाठ आहे, पण मी आजवर तो कायम धुणाऱ्याच्या बाजूने ऐकला होता. नम्र व्हा, सेवा करा, कंबरेला टॉवेल बांधा वगैरे. पण नीट बघितलं तर त्या प्रसंगात अडून बसलाय तो पेत्र, धुणाऱ्याची काहीच अडचण नाहीये. ज्याला पाय पुढे करायचाय त्याला जड जातंय. मी इतकी वर्षं बाबांच्या ज्या गोष्टीला ताठा म्हणत होतो तो ताठा नव्हता, लाज होती. आपल्या पोराने आपला तो वाकडातिकडा पिवळा अंगठा बघू नये असं वाटत होतं त्यांना.

आणि मग रात्री उघडून बघितलं तर त्याच योहानाच्या शेवटच्या अध्यायात, २१:१८, येशू परत पेत्रालाच सांगतो की तरुण होतास तेव्हा तू स्वतःची कंबर बांधून हवं तिकडे जायचास, पण म्हातारा झालास की हात पुढे करशील आणि दुसरा कुणीतरी तुझी कंबर बांधेल. पुढच्याच ओळीत योहान सांगतो की हे पेत्राच्या मरणाबद्दल होतं, ते आहेच, पण मी ते वाक्य वाचून बराच वेळ तसाच बसून राहिलो.

आता प्रश्न. असं होतं तुम्हाला? एखाद्या अगदी फालतू वाटणाऱ्या कामात अचानक काहीतरी उघडतं. आणि झालं तर तुम्ही त्याला काय म्हणता? देव बोलला म्हणायचं का? मला तसं म्हणायची भीती वाटते, आणि नाही म्हणायलाही कसंतरीच वाटतं.

पाऊलवाट

सुंदर लिहिलंय. ताठा नव्हता लाज होती, इथे थांबले. माझ्या सासूबाईंना अंघोळीला मदत करते मी, त्यांचं पण अगदी हेच, आणि माझंही हेच, मी पण मनात चिडतेच.

वाचनखूण साठवली आहे.

शंकासुर

आधीच सांगतो, मी आस्तिक नाही, धागा आवडला म्हणून लिहितोय, भांडायला नाही.

माणसाच्या डोक्याला जुळवाजुळव करायची खोड असते. ढगात चेहरा दिसतो, भिंतीवरच्या ओल्या डागात नकाशा दिसतो, पॅरेडोलिया म्हणतात त्याला. तुम्ही लहानपणापासून बायबल ऐकलंय म्हणून पाय बघून पेत्र आठवला. ज्याच्या घरात अभंग होते त्याला दळणकांडण करताना जनाबाई आठवेल, मळ्यात सावता माळी आठवेल. ज्याच्या घरात यातलं काहीच नव्हतं त्याला बापाची लाज नुसती बापाची लाज म्हणूनच दिसेल, आणि मला विचाराल तर तेवढं पुरेसं आहे. मग यात खास ख्रिस्ती असं काय उरलं? पेत्र मधे आणायची गरज का पडली?

सांजवारा

@शंकासुर, प्रश्न रास्त आहे. पेत्राशिवाय दिसायला हवं होतं, पण दिसलं नाही ना हो! सहा वर्षं नखं कापतोय.

जुना पाळक

मी निवृत्त पाळक (चर्चचा धर्मगुरू), त्यामुळे लांब लिहायची सवय आहे, माफी असावी.

शंकासुर यांचा पहिला मुद्दा मान्य. ऐकलं नसतं तर आठवलं नसतं. पण मराठी येत नसलेल्या माणसाला मराठीत मारलेली हाक नुसता आवाज वाटेल, यावरून हाक मारणारा नव्हताच असं ठरत नाही. होताच असंही ठरत नाही, तेही मान्य. भाषा आधी यावी लागते एवढंच.

दुसरा मुद्दा, ख्रिस्ती काय. माझ्या मते ते थेट आमच्या विश्वासाच्या गाभ्यात आहे. आम्ही मानतो की शब्द देही झाला, म्हणजे देव येशूच्या रूपाने माणूस झाला. आणि देही होऊन त्याने काय केलं? लूक म्हणतो काम सुरू केलं तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीचं जवळजवळ काही लिहिलेलं नाही, बाराव्या वर्षीचा मंदिरातला एक प्रसंग सोडला तर. मार्क ६:३ मध्ये गावचे लोक त्याला सुतारच म्हणतात, मूळ ग्रीक शब्द तेक्तोन, म्हणजे हातांनी घडवणारा कारागीर. म्हणजे देवाच्या पुत्राच्या आयुष्याचा बहुतेक भाग असा गेला की त्यात सुवार्तिकांना (लूक, मार्क अशा शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांना) लिहिण्यासारखं काही सापडलं नाही! हे माझ्या डोक्यात शिरायला चाळीस वर्षांची सेवा लागली. तो काळ वाया गेलेला नसेल तर आपलेही साधे दिवस वाया जात नसतील, एवढं तरी मानायला हरकत नाही.

आणि त्याचे दाखले बघा. कणकेत कालवलेलं खमीर, जुन्या कपड्याला लावलेलं नवं ठिगळ, दिव्यातलं तेल. लूक १५ मध्ये हरवलेलं मेंढरू शोधणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण त्याला लागूनच एक बाई आहे, दहा नाण्यांपैकी एक हरवलंय, ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. देव कसा शोधतो हे सांगायला त्याने झाडू हातात घेतलेली बाई निवडली, आणि आम्ही पाळक मंडळी तिला गाळून पुढच्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीकडे पळतो. मीही पळालोय.

मात्र एक सावधगिरी. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वर विचारतो, यिर्मया तुला काय दिसतं? तो म्हणतो बदामाच्या झाडाची डहाळी. आधी शाबासकी मिळते की बरोबर पाहिलंस, आणि मग अर्थ येतो. इब्री भाषेत बदाम म्हणजे शाकेद आणि जागा असणारा म्हणजे शोकेद, त्या शब्दांच्या खेळातून परमेश्वर सांगतो की मी माझ्या वचनावर जागा आहे. क्रम लक्षात घ्या. आधी डहाळी नीट दिसली पाहिजे. आपण डहाळी बघायच्या आधीच अर्थ काढून मोकळे होतो आणि मग ते व्हॉट्सॅपवरचं "देव हा चार्जर, प्रार्थना ही केबल" तयार होतं.

तीन टिंबं...

चार्जर वाला मेसेज मला आजच सकाळी आलाय सर 😂 त्याच्या खाली "बॅटरी लो म्हणजे विश्वास लो" आणि हे दहा जणांना पाठवा.

जुना पाळक

हसू नका, मी त्याहून वाईट केलंय. एकदा मुलांच्या उपासनेत टॉर्च घेऊन उभा राहिलो, सेल मुद्दाम उलटे घातलेले, बटण दाबलं, लागेना. मग सेल सुलटे केले, लागला. पाहा, मन वळलं की प्रकाश येतो वगैरे. उपासना संपल्यावर सात-आठ वर्षांची एक मुलगी आली आणि म्हणाली, पण सेल उलटे तर तुम्हीच घातले होते ना?

त्यानंतर मी वस्तू घेऊन उपदेश केलेला नाही.

कोरा कागद

@जुना पाळक, दंडवत त्या मुलीला 🙏

एक भाबडा प्रश्न. माझ्या बाबतीत असं कधीच होत नाही. लोक सांगतात सूर्योदय बघून देव आठवला, मला सूर्योदय बघून झोप येते. चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ आली की सगळ्यांकडे काही ना काही असतं, अमक्या दिवशी असं झालं आणि मला कळलं की प्रभू. माझ्याकडे काहीच नसतं, मी खाली बघत बसतो. एकदा तर एक बनवून सांगितली होती, चक्क. लोक आमेन म्हणाले. घरी येऊन इतकं घाण वाटलं.

माझ्यात काही कमी आहे का?

नाइटड्युटी

कोरा कागद, नाही हो. मी सांगते माझं.

मी नर्स आहे, बारा वर्षं, बहुतेक रात्रपाळ्या. रात्री तीन वाजता मला काहीही आध्यात्मिक वाटत नाही, मला फक्त पाय दुखतायत एवढंच कळतं. पण एक बारीक गोष्ट सांगते. पेशंटच्या बाजूला ते टेबल असतं ना चाकाचं, त्याच्यावर पाण्याचा ग्लास. कोणीतरी ड्रेसिंग करायला येतं, टेबल सरकवतं, काम करून जातं, आणि ग्लास नेमका पेशंटच्या हाताच्या वीतभर पलीकडे राहतो. दिसतो पण पोचत नाही. आणि रात्री वीतभरासाठी बेल वाजवायला लोकांना लाज वाटते (परत तीच लाज, सांजवारा). त्यामुळे माझी एक सवय आहे, राउंडला कुठल्याही कारणाने गेले तरी बाहेर पडताना ग्लास हाताच्या टप्प्यात आहे का बघायचं, नसला तर सरकवायचा. बस. कोणी थँक्यू म्हणत नाही कारण कोणाला कळतच नाही.

आता मत्तय १० मध्ये ते आहे ना, या लहानातल्या एकाला गार पाण्याचा एक प्याला जरी दिला तरी त्याचं फळ मिळतंच. मला हे कित्येक वर्षं माहीत असून ग्लास सरकवताना एकदाही ते आठवलेलं नाही. एकदाही नाही! ते आत्ता हा धागा वाचताना जुळलं.

आणि मग मला मत्तय २५ आठवलं. शेवटच्या न्यायाच्या दिवशी येशू लोकांना शेरडं मेंढरं वेगळी करावीत तसं वेगळं करतो, मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. ज्यांना तो म्हणतो मी तान्हेला होतो आणि तुम्ही मला प्यायला दिलंत, ते काय म्हणतात? प्रभू, आम्ही तुला कधी तान्हेला पाहिलं? म्हणजे ज्यांनी दिलं त्यांना सुद्धा काही दिसलेलं नव्हतं. उजवीकडचे डावीकडचे, दोघांचा प्रश्न तोच आहे, कधी पाहिलं. फरक पाण्यात आहे, दिसण्यात नाहीये.

त्यामुळे तुम्हाला काही दिसत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही उजवीकडच्या लोकांच्या चांगल्या कंपनीत आहात असं समजा.

पाऊलवाट

अंगावर काटा आला. मत्तय २५ असं कधी वाचलंच नव्हतं.

शंकासुर

नाइटड्युटी यांना माझ्यासारख्या नास्तिकाचं अनुमोदन. ग्लास सरकवायला पाठिंबा आहे, कोणत्याही ग्रंथाच्या नावाने सरकवा.

सांजवारा

@नाइटड्युटी, तुम्ही माझा धागाच उलटा केलात की, पण बरं झालं. मी "दिसणं" म्हणजेच सगळं असं धरून बसलो होतो.

उंबरठा

हा धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

माझं एक बाळ गेलं. सातव्या महिन्यात. त्यानंतर जे लोक भेटायला आले त्यातल्या प्रत्येकाला त्यात काही ना काही अर्थ सापडत होता. देवाला बागेत एक कळी हवी होती. तुझा विश्वास ताऊन सुलाखून निघतोय. यातून तुझी साक्ष तयार होईल. एकीने तर मला सांगितलं की त्या दिवशी तिच्या खिडकीत पांढरं कबूतर येऊन बसलं होतं आणि तेव्हाच तिला संदेश मिळाला की बाळ सुरक्षित आहे. तिला कबूतर आलं. मला नाही आलं.

म्हणून रोजच्या गोष्टींत देवाचा संदेश शोधणं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पार्किंगला जागा मिळाली म्हणजे देवाची कृपा, तर मग ज्याला नाही मिळाली त्याचं काय, आणि माझ्या बाळाला श्वास नाही मिळाला त्याचं काय. एका टोकाला धरून ओढलं की दुसरं टोक येणारच ना बरोबर.

सांजवारा, तुमचं लिखाण त्यातलं नाही हे कळतंय. तरी लिहावंसं वाटलं.

जुना पाळक

उंबरठाताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. त्या लोकांमध्ये एखादा माझ्यासारखा पाळकही असणार याची मला जवळजवळ खात्री आहे, आणि त्याच्या वतीने मी क्षमा मागू शकत नाही, पण मला मागावीशी वाटते.

फक्त एवढंच सांगतो, वाद म्हणून नाही. लूक १३ मध्ये लोक येशूकडे अशाच बातम्या घेऊन येतात. मग तो स्वतःच शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा माणसांची आठवण काढतो. तो विचारतो, यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ते अठरा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच म्हणतो, नाही. त्या अठरा मरणांचा अर्थ तो लावत नाही. बुरूज का पडला हे सांगतच नाही, ऐकणाऱ्यांना मात्र स्वतःकडे बघायला लावतो. आणि त्याचा मित्र लाजर मेला तेव्हा थडग्यापाशी तर त्याला ठाऊक होतं की आपण याला परत उठवणार आहोत, तरी तो रडला. ज्याला अर्थ माहीत होता तो आधी रडला. आम्हाला अर्थ माहीत नसतो आणि आम्ही रडायचं सोडून बोलत सुटतो.

उंबरठा

🙏

एक सांगते मग. इतक्या सगळ्या भेटायला आलेल्यांत एक शेजारीण होती, तिने काही म्हणजे काहीच म्हटलं नाही. बाळाचे कपडे मी धुऊन दोरीवर वाळत घातले होते आधीच, ते तसेच होते, माझ्याने काढवत नव्हते. तिने विचारलं काढू का, मी मान हलवली, तिने एकेक काढून घड्या घातल्या, अगदी सावकाश, जसं कोणी घालणार आहे तसं, आणि पिशवीत भरून कपाटात वर ठेवले. देऊन टाक वगैरे पण म्हटली नाही. त्या बाईमध्ये मला देव दिसला का, मला माहीत नाही. पण मी त्यानंतर परत चर्चला गेले ते त्या घड्यांमुळे गेले, एवढं मला माहीत आहे.

नाइटड्युटी

❤️

तीन टिंबं...

(काही लिहित नाही, फक्त वाचलं हे कळावं म्हणून.)

कोरा कागद

उंबरठा ताई, तुमच्या प्रतिसादानंतर हे विचारणं थोडं बालिश वाटतंय पण विचारतो. नाइटड्युटींचं पटलं, दिसलंच पाहिजे असं नाही. तरी पण दिवस असाच अंगावरून निघून जातो, रात्री आठवायला गेलं तर काय केलं दिवसभर तेच आठवत नाही. लक्ष कसं ठेवायचं, काही पद्धत असते का? प्रॅक्टिकल सांगा कोणीतरी.

बारीकसारीक

मी कॅथलिक आहे, आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे ती सांगतो, जेझुइट नावाच्या कॅथलिक धर्मसंघाची.

त्यांचा संस्थापक लोयोलाचा इग्नेशियस मूळचा सैनिक गडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय फुटला आणि कित्येक महिने अंथरुणात. वाचायला त्याला शूरवीरांच्या प्रेमकथा हव्या होत्या, घरात त्या नव्हत्याच, मिळालं काय तर ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांची चरित्रं. मग पडल्या पडल्या तो दोन्ही प्रकारची दिवास्वप्नं बघायचा, कधी एका बाईसाठी पराक्रम गाजवतोय, कधी संतांसारखं अनवाणी यरुशलेमला जातोय. बघताना दोन्हीत मजा यायची. पण एक दिवस त्याच्या लक्षात आलं की पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं पडतं आणि दुसरं संपल्यावर समाधान मागे राहतं. एवढंच. ना दृष्टांत, ना आवाज. मागे राहिलेली चव त्याने ओळखली, आणि पुढचं सगळं त्या एका निरीक्षणावर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल.

त्यातून ती एक्झामेन नावाची प्रार्थना आली. झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं. आधी दिवसाबद्दल आभार, मग नीट दिसावं म्हणून प्रकाश मागायचा, मग सकाळपासून दिवस परत चालून यायचा, कुठे मन मोकळं होतं, कुठे आकसलं, जिथे चुकलं तिथे माफी, आणि शेवटी उद्याबद्दल बोलायचं. फार पवित्र काही शोधायचं नाही. जास्त करून राग सापडतो 😄

आणि दुसरा एक माणूस मला फार जवळचा वाटतो, ब्रदर लॉरेन्स. १७ व्या शतकातला, पॅरिसच्या कार्मेल मठात स्वयंपाकी. त्याला स्वयंपाकघराचं काम मुळात अजिबात आवडायचं नाही, हे लोक सांगताना गाळतात. आधीच्या नोकरीत तो सगळं पाडायचा फोडायचा, स्वतःच कबूल करतो. पायाने अधू. मठासाठी वाइन आणायला त्याला होडीने पाठवलं तर धड चालता येईना म्हणून पिंपांवरून लोळत लोळत इकडून तिकडे जायचा! आणि तो म्हणायचा की कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ माझ्यासाठी वेगळी नाही. गडबड, भांड्यांचा आवाज, चार लोक चार गोष्टी मागतायत, त्यातही तेवढाच शांत. मला हे जमत नाही, पण पिंपांवर लोळणाऱ्या माणसाला जमलं म्हणजे फार भारदस्त असायची गरज नसावी.

कोरा कागद

धन्स. पिंपांवर लोळणारा संत म्हणजे माझा माणूस आहे. करून बघतो.

बारीकसारीक

अधिकृत संत नाही हं तो, पण असो.

शंकासुर

अवांतर: मागे राहिलेली चव ओळखणं हे मला पटलं, देव वजा करूनही ते काम करतं. मी आजच सोशल मीडियावर पाऊण तास भांडून आलो, भांडताना मजा आली, आता तोंड कडू आहे. इग्नेशियस यांचा आभारी आहे.

कोरा कागद

अपडेट. सहा दिवस केलं.

पहिल्या दिवशी झोप लागली. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी आठवलं की रांगेत माझ्या पुढे एक आजोबा फॉर्म भरत होते आणि त्यांच्या पेनातली शाई संपली, माझ्या खिशात पेन होतं आणि मी दिलं नाही, कारण दिलं असतं तर ते आणखी वेळ घेतील असं वाटलं. त्यांनी मागितलं पण नव्हतं, नुसतं पेन झटकत होते. म्हणजे मला आख्ख्या दिवसात देव कुठे दिसला तर जिथे मी पेन दिलं नाही तिथे. ही काय साक्ष झाली का?

जुना पाळक

मला विचाराल तर चर्चमध्ये बनवून सांगितलेल्या त्या साक्षीपेक्षा ही शंभर पटींनी खरी आहे. आमेन.

पाऊलवाट

कोरा कागद, माझं पण सांगते. मी परवा सासूबाईंच्या अंघोळीच्या वेळी घाई नाही केली, म्हणजे ठरवून नाही केली. काही उघडलं वगैरे नाही हो मला. फक्त पाठ चोळताना त्या हळूच काहीतरी गुणगुणत होत्या, ते ऐकू आलं. रोज गुणगुणत असतील का माहीत नाही, रोज मी बोलत असते ना, हात वर करा, इकडे वळा, झालं झालं.

नाइटड्युटी

पाऊलवाट, याला न उघडणं म्हणतात का 🙂

आवाजावरून आठवलं, लिझ्यूची तेरेसा, फ्रान्समधली कॅथलिक संत, तिची एक गोष्ट मला ड्युटीवर फार कामाला येते. चोविसाव्या वर्षी गेली ती, १८९७ मध्ये. मठात ध्यानाच्या वेळी मागे बसणारी एक सिस्टर सतत एक बारीक आवाज करायची, दोन शिंपले एकमेकांवर घासल्यासारखा. तेरेसा लिहिते की मागे वळून तिच्याकडे नुसतं बघावं असं इतकं वाटायचं की घाम फुटायचा. मग तिने काय केलं, तो आवाज ऐकू येऊ नये अशी धडपड सोडली आणि उलट तो नीट ऐकायला लागली, जशी काय मैफल चाललीय, आणि तीच मैफल येशूला अर्पण केली. मला यात तिचा घाम आवडतो. आवाज बंद झाला नाही, सिस्टर सुधारली नाही. आमच्या वॉर्डात एक मॉनिटर आहे, विनाकारण बीप करतो, त्याचं नाव मी सिस्टर ठेवलंय.

तीन टिंबं...

सिस्टर 😂😂

बाय द वे मला एवढ्या वेळात एकच आध्यात्मिक अनुभव आलाय, या साइटवर लॉगिन करताना "मी यंत्रमानव नाही" वर टिक करायला सांगतात, आणि आज मी क्षणभर थांबलो.

सांजवारा

सगळ्यांचे आभार. इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. उंबरठा, तुमच्या घड्या मी विसरणार नाही.

एक गोष्ट मी मूळ धाग्यात लिहिली नव्हती ती लिहितो, कारण ती न लिहिता मी जरा छानच दिसत होतो. ज्या दिवशी मला पेत्र आठवला त्याच दिवशी, त्या विचारात इतका गुंगलो की बाबांच्या करंगळीचं कातडं कापलं. रक्त आलं. म्हणजे पाय धुण्याचा अर्थ लागण्याच्या नादात हातातला पाय दिसेनासा झाला होता. बाबा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, बघ, म्हणून म्हणत होतो राहू दे. जुना पाळक सरांनी ती बदामाची डहाळी सांगितली तेव्हा मला पहिल्यांदा ती करंगळीच आठवली.

@शंकासुर, तुम्ही म्हणालात बापाची लाज एवढं पुरेसं आहे, पेत्र कशाला. मी यावर बराच विचार केला. मला वाटतं पेत्राने मला बाबांपर्यंत पोचवलं आणि तिथे तो बाजूला झाला, तसा व्हायलाच हवा होता, मीच त्याला धरून बसलो आणि कात्री लागली. पण पोचवलं त्यानेच. आणि त्याला कुणी पाठवलं याबद्दल तुमचं माझं जमणार नाही, चालेल.

काल परत नखं कापायचा दिवस होता. यावेळी काही म्हणजे काही आठवायचं नाही असं ठरवून बसलो, नुसतं नख बघायचं. पाय भिजवले, टॉवेल घेतला. बाबांनी पाय मागे घेतला. मी थांबलो, पहिल्यांदा ओढला नाही, हात तसाच ठेवून थांबलो. किती वेळ माहीत नाही, एखादं मिनिट असेल, पण लांब वाटलं. मग त्यांनीच परत ठेवला.

आणि पाचव्या बोटाला म्हणाले, "हे नेलकटर बोथट झालंय. दोन वर्षं सांगीन म्हणतोय, तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोललो."

तर आज नवीन आणलंय.